पिल्लाचा सातबारा

२०२४ सालची दिवाळी संपून आठ-दहा दिवस झाले असतील. रविवारी सकाळी आमच्याकडे स्थळ आलं. अगदी रीतसर. पलीकडच्या इमारतीतले एक गृहस्थ सपत्नीक आले. हातात पेढ्यांचा पुडा, काखेत फाइल. चहा झाला, हवापाण्याच्या गप्पा झाल्या आणि मग त्यांनी फाइल उघडून मुलाचे फोटो दाखवले. उभा असलेला, बसलेला, गळ्यात पदक घातलेला. मुलगा खरोखरच देखणा होता. काळाभोर, रुंद छातीचा, डोळ्यांत शहाणपण. आमची मुलगी त्या वेळी सोफ्याखाली अर्धी शिरून कुणाची तरी चप्पल ओढून काढत होती.

मुलगी म्हणजे जाई, आमची लॅब्रॅडॉर कुत्री. तेव्हा साडेतीन वर्षांची. ती आम्हाला आयती मिळालेली. २०२१ साली आमच्या ओळखीतलं एक कुटुंब शहर सोडून निघालं, त्यांना तिला नेता येईना, म्हणून सहा महिन्यांची जाई तिच्या पाणी प्यायच्या वाडग्यासकट आणि कागदपत्रांसकट आमच्याकडे आली.

"साहेब, कागद बघा," गृहस्थ म्हणाले. "तुम्ही बँकेतले. तुम्हाला कागद कळतात."

कागद चोख होता. केनेल क्लबचा शिक्का, कातडीखाली बसवलेल्या चिपचा क्रमांक, आई, बाप, आजे, पणजे यांची भारदस्त इंग्रजी नावं. जाईच्या कागदावरही अशीच नावं आहेत. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून मी पाहत होतो आणि मला एकदम आठवला तो सातबारा.

बँकेत असताना मी शेकडो सातबारे पाहिले. नवखा अधिकारी आधी मालकाचं नाव आणि क्षेत्र बघतो. चार वर्षं मुरलेला अधिकारी आधी 'इतर हक्क' या रकान्याकडे बघतो. जमिनीवर कुणाचा बोजा आहे, कुणाचं कर्ज फिटायचं राहिलंय, ते तिथे लिहिलेलं असतं. माझ्यासमोरच्या त्या दोन्ही कागदांवर नावं होती, क्षेत्र होतं, फक्त तो रकाना नव्हता. कोण कोणाचा मुलगा हे कळत होतं. कोणाच्या अंगावर काय बोजा आहे, हे कळायला मार्ग नव्हता.

मी म्हटलं, "आम्हाला थोडा वेळ द्या."

हे शहाणपण मला आपोआप आलेलं नाही. त्याची किंमत ब्रूनोने मोजली.

ब्रूनो २००९ साली आला. तोही लॅब्रॅडॉर. चांगला प्रसिद्ध माणूस होता पिल्लं विकणारा, त्याचं नाव इथे नको. मी काय विचारलं त्याला? रंग, किंमत, आणि "चावत नाही ना?" एवढंच. नऊ महिन्यांचा झाला तसा ब्रूनो पळताना मागचे दोन्ही पाय एकदम टाकायला लागला. सशासारखा. आम्ही हसायचो. पाहुणे आले की त्याला मुद्दाम पळवून दाखवायचो. पुढे तो उठताना कण्हायला लागला, तेव्हा एक्स-रे काढला. डॉक्टरबाईंनी ती फिल्म उजेडाला धरून मला दाखवली. खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत बसलेला चेंडू. ब्रूनोची वाटी वाटी नव्हतीच, बशी होती. चेंडू त्या बशीवर नुसता घरंगळत होता.

आमच्या जुन्या घराला लिफ्ट नव्हती. तिसरा मजला. शेवटची दोन वर्षं मी आणि माझी बायको त्याला जुन्या चादरीची झोळी करून सकाळ-संध्याकाळ जिन्यावरून वर-खाली करत होतो. तीस किलोचं कुत्रं. २०१७ साली, आठव्या वर्षी, त्याला निरोप द्यायचं ठरवावं लागलं. त्यानंतर कधीतरी तो पिल्लंवाला भेटला. मी सांगितलं तेव्हा तो सहज म्हणाला, "हो का? त्याच्या आईच्या आधीच्या वेतातही एक-दोघांना होतं तसं."

म्हणजे त्याला माहीत होतं. मी विचारलं नव्हतं, त्याने सांगितलं नव्हतं.

आणि मला लाज याची वाटली की हा प्रश्न विचारायचं शिक्षण मला वीस-पंचवीस वर्षं आधीच मिळालं होतं. १९८० च्या दशकात मी सातारा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण शाखेत होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातली म्हशींची कर्जं वाटायचं काम माझ्याकडे. बाजारात म्हैस घ्यायला आम्ही स्वतः जायचो. पशुवैद्यक दात बघायचे, कास बघायचे, दूध काढून बघायचे. त्यांचा दाखला मिळाला की कानात बिल्ला मारायचा, बिल्ल्याचा नंबर विम्याच्या कागदावर चढवायचा आणि मगच पैसे द्यायचे. चार-पाच हजारांच्या म्हशीला एवढा सोपस्कार. आणि घरात आठ-दहा वर्षं राहणार असलेल्या, नातवंडांच्या अंगावर लोळणार असलेल्या जिवाला? नुसता रंग बघून पसंती.

जातिवंत कुत्र्यांमध्येच हे का होतं, असा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. उत्तर बँकेच्या भाषेत सोपं आहे. खातेवही बंद आहे. लंडनमध्ये १८७३ साली केनेल क्लब स्थापन झाला आणि जातींच्या नोंदी ठेवण्याची पद्धत रूढ झाली. लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबरचे. इंग्लंडात त्यांची जोपासना झाली आणि १९०३ साली त्यांना स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. एकदा जात ठरली की वहीत नाव असलेल्यांचीच मुलं वहीत येणार. त्यात एखादा नर प्रदर्शनात गाजला की त्याचीच पिल्लं जिकडे तिकडे. त्याच्या देखणेपणाबरोबर त्याचा दडलेला बोजाही पिढ्यान्‌पिढ्या वाटला जातो. म्हणून प्रत्येक जातीची दुखणी वेगळी. डाल्मेशियनमध्ये जन्मजात बहिरेपण. डॉबरमनमध्ये हृदयाच्या स्नायूचा आजार. पग आणि बुलडॉग यांना श्वासाचा त्रास. लॅब्रॅडॉरचे खुबे, कोपरं आणि डोळे. सगळ्या तपासण्या सगळ्यांना करण्यात अर्थ नाही. आपल्या जातीची यादी कोणती, हे आधी बघायचं.

जाईसाठी मी ती यादी काढायला बसलो. निवृत्त माणसाला दुसरं काय काम असतं?

कुत्र्यांच्या खुब्याचं हे दुखणं अमेरिकेत १९३५ साली प्रथम नोंदलं गेलं. १९६६ साली तिथे केवळ या कामासाठी एक संस्था निघाली. ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर अॅनिमल्स असं तिचं नाव. कुत्रं दोन वर्षांचं झालं की मागचे पाय सरळ ताणून एक्स-रे काढायचा, तीन तज्ज्ञांनी तो स्वतंत्रपणे बघायचा आणि सात प्रतींपैकी एक प्रत द्यायची. पहिल्या तीन प्रती चांगल्या, मधली काठावरची, शेवटच्या तीन सदोष. इंग्लंडात गुणांची पद्धत आहे. एका खुब्याला शून्य ते ५३, दोन्ही मिळून शून्य ते १०६. इथे मात्र कमी गुण मिळवणारा हुशार. आपल्या कुत्र्याचे गुण त्या जातीच्या सर्वसाधारण गुणांपेक्षा कमी असावेत, असा संकेत आहे.

डीएनएची तपासणी हा वेगळा प्रकार. २००५ साली ताशा नावाच्या एका बॉक्सर कुत्रीचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला आणि या शास्त्राला मोठा वेग आला. लॅब्रॅडॉरच्या दृष्टीने दोन तपासण्या महत्त्वाच्या. एक, डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी करणाऱ्या आजाराची. आधी रात्रीचं दिसत नाही, मग दिवसाचंही. तो दोष २००६ साली सापडला. दुसरी, जोराने पळवल्यावर पाच-दहा मिनिटांत मागचे पाय लटपटून कोसळण्याच्या आजाराची. तो दोष २००८ साली हाती लागला. या दोन्हींसाठी गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवायचा. कुत्र्याला कळतही नाही.

या दोन आजारांचा हिशेब थॅलेसीमियासारखा आहे. प्रत्येक पिल्लाला जनुकाची एक प्रत आईकडून मिळते, एक बापाकडून. दोन्ही सदोष आल्या तरच आजार. एकच सदोष असेल तर ते कुत्रं नुसतं वाहक, स्वतः ठणठणीत. वाहकाचा जोडीदार निर्दोष असेल तर एकही पिल्लू आजारी निघत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक पिल्लाला आजार होण्याची शक्यता चारात एक. म्हणून वाहक निघालं की त्याला वाळीत टाकायचं कारण नाही. सगळ्याच वाहकांना बाद केलं तर आधीच आखडलेली वही आणखी आखडते आणि दुसरंच काही वर येतं. फक्त जोडी बघून लावायची.

खुब्याचं मात्र असं सरळ नाही. त्यात अनेक जनुकांचा हात असतो. शिवाय खाणं, वजन, वाढीच्या वयातली दगदग यांचाही. चांगल्या खुब्यांच्या आईबापांचं पिल्लूही अधू निघू शकतं, फक्त शक्यता कमी होते. आणि डॉबरमनच्या हृदयासारख्या गोष्टी तर एकदा तपासून भागत नाहीत. आजार मधल्या वयात डोकं वर काढतो, म्हणून तपासणी वर्षाच्या वर्षाला करावी लागते. कुठलाही अहवाल म्हणजे हमीपत्र नव्हे. पण बँकेत तरी कोण हमी देतं? आपण फक्त जोखीम किती ते बघून सही करतो.

एवढं सगळं मी रात्रीच्या जेवणाच्या वेळी घरात सांगितलं. बायकोला पिल्लं हवी होती. "अहो, एकदा तरी आई होऊ द्या तिला," असं तिचं म्हणणं. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की एकदा तरी वीत झाली तर तब्येत चांगली राहते, ही नुसती समजूत आहे, वैद्यकीय आधार काही नाही. पण समजूत जात नाही. तिने माळ्यावरच्या जुन्या गोधड्याही काढून उन्हात घातल्या होत्या. आठ वर्षांच्या नातीने पिल्लांची नावं ठरवून ठेवली होती.

सूनबाई तेवढी गप्प होती. मग म्हणाली, "बाबा, तपासणी करूच. पण उत्तर काय आलं तर काय करायचं, ते आधी ठरवा. नंतर ठरवायला बसलो तर आपण आपल्याला हवं तेच ठरवू."

हे वाक्य मी माझ्या नोकरीतल्या सगळ्या परिपत्रकांपेक्षा वर ठेवीन. कर्जाच्या अटी पैसे देण्याआधी लिहायच्या असतात, हे माझ्याच सुनेने मला शिकवावं!

कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडून त्याच्या पाठीवर आम्ही लिहिलं. एक, खुबे सदोष निघाले तर पिल्लं नाहीत, कुणी कितीही म्हटलं तरी. दोन, डीएनएमध्ये वाहक निघाली तर नराचा निर्दोष असल्याचा कागद पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. तीन, नराचेही खुबे तपासलेले हवेत. चौथी अट नातीने घालायला लावली. काहीही निघालं तरी जाई आपलीच.

गृहस्थांना तिसरी अट सांगितली तेव्हा ते दुखावले. "साहेब, त्याला पदक आहे!" मी म्हटलं, पदक देणाऱ्याने चाल बघितली, अंगलट बघितली, हाडं कुठे बघितली? ते हसले, पण मनापासून नाही.

एक्स-रेच्या दिवशी बायको आली नाही. गुंगी द्यावी लागते. त्याशिवाय पाय नीट ताणता येत नाहीत आणि फिल्म फसवी येते. जाई टेबलावर निपचित पडलेली बघून माझ्या पोटात कालवलं. ब्रूनोला शेवटचं असंच पाहिलं होतं. तासाभराने ती उठली, लडखडत आली आणि माझ्या बुटावर डोकं ठेवून पुन्हा झोपली.

डावा खुबा चांगला होता. उजवी वाटी उथळ होती. चेंडू सैल बसत होता. झीज अजून नव्हती. डॉक्टरबाईंनी फिल्म दुसऱ्या तज्ज्ञाकडेही पाठवली. मत तेच आलं. सौम्य, पण सदोष. डोळ्यांचा अहवाल निर्दोष होता. कोसळण्याच्या आजाराची ती वाहक निघाली.

आता खरं सांगतो. त्या रात्री अट मोडायचा विचार पहिल्यांदा माझ्याच मनात आला. सौम्यच आहे ना? एकच तर वीत. जाईला तरी काय झालंय, उड्या मारतेय. नराचे खुबे उत्तम निघाले तर पिल्लं बरीही निघतील. कर्ज बुडणार हे कागदावर दिसत असताना, माणूस ओळखीचा आहे म्हणून 'बघू, फेडेल' असं म्हणणारे अधिकारी मी पाहिले होते आणि त्यांना मनातल्या मनात हसलो होतो. मी तेच करत होतो.

सूनबाई काही बोलली नाही. तिने फ्रिजवर लावलेल्या कॅलेंडरच्या पानाकडे नुसतं बघितलं. बोलली ती बायको. म्हणाली, "लॅब्रॅडॉरला सात-आठ पिल्लं होतात. म्हणजे सात-आठ घरं. त्यातल्या कुणाच्या जिन्याला लिफ्ट नसेल." आणि उठून गोधड्या घडी घालायला लागली.

नातीने विचारलं, "आबा, जाईला दुखतंय का?"

"अजून नाही."

"मग आपण दुखू नाही द्यायचं," ती म्हणाली.

या तपासणीचा हा दुसरा उपयोग माझ्या लक्षातच आला नव्हता. ती नुसती पुढच्या पिढीसाठी नसते. अमेरिकेतल्या एका खाद्यकंपनीने १९८७ पासून ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांवर चौदा वर्षं चालवलेला एक अभ्यास आहे. २००२ साली तो प्रसिद्ध झाला. एकाच वेतातल्या पिल्लांच्या २४ जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पंचवीस टक्के कमी खायला दिलं. निम्मी कुत्री जितकं जगली ते वय भरपेट गटात ११.२ वर्षं निघालं आणि सडसडीत गटात १३ वर्षं. खुब्याचा संधिवातही सडसडीत कुत्र्यांना कमी झाला आणि उशिरा झाला. यातून जाईच्या ताटातली पोळी बंद झाली. पाहुण्यांनी टेबलाखालून बिस्किट द्यायचं नाही, असा ठराव झाला. सोफ्यावरून उडी मारायची नाही, हा ठरावही झाला. तो जाईने मान्य केलेला नाही. पुढच्या महिन्यात तिचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन करून घेतलं. वजन तीन किलोंनी उतरलंय. परवा एक्स-रे पुन्हा काढला, झीज अजूनही नाही.

लोक आता मला पिल्लू घेण्याआधी फोन करतात. मी फार सांगत नाही. पिल्लाच्या नव्हे, त्याच्या आईबापांच्या तपासणीचे अहवाल मागा. अहवालावरचा चिपचा क्रमांक आणि वंशावळीवरचा क्रमांक जुळतो का ते बघा. म्हशीच्या बिल्ल्यासारखंच आहे ते. पिल्लांची आई समोर चालवून दाखवायला सांगा. आपल्याकडे २०१७ साली कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे केंद्रीय नियम झाले आहेत. त्यांनुसार पैदास करणाऱ्याची नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा कागद बघा. "आमच्याकडे असलं काही लागत नाही, सगळी निरोगी असतात," असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून निघा. आणि एवढी यातायात नको असेल तर रस्त्यावरचं गावठी पिल्लू आणा. त्यालाही आजार होतात, नाही असं नाही. पण त्याची वही कुणी बंद केलेली नसते.

त्या गृहस्थांशी आमचे संबंध बिघडले नाहीत. पेढे आम्ही खाल्ले होते, त्यामुळे संक्रांतीला तिळगूळ घेऊन मी गेलो. त्यांनी सांगितलं, दुसरीकडे जमलं. नराचा एक्स-रे काढला का, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

त्या वेतातलं एक पिल्लू आमच्याच सोसायटीत आलंय. पहिल्या मजल्यावर. काळं, रुंद छातीचं, बापासारखंच देखणं. आता आठ महिन्यांचं झालंय. संध्याकाळी जाईला घेऊन मी खाली बाकावर बसतो, तेव्हा ते हिरवळीवर सुसाट पळत असतं. बाकीचे लोक त्याचं कौतुक करत असतात. मी त्याचे मागचे पाय बघत असतो.

अजून तरी ते वेगवेगळे पडतायत.